नाव भाईदास, गाव

लॅपटॉपमध्ये बत्तीस पट्ट्या.
प्रत्येकीला तिचा रंग, तिचं कुलूप.
चुकलं की एक पाऊल मागं,
अजून चुकलं की अजून मागं,
पार साउंडचेकच्या आधीच्या चहापर्यंत.

पेडल म्हणजे लोखंडाचा डबा.
एक बटण, तेही मूळचं नाही.
मूळचं शिरपूरला एका हळदीत गेलं,
तेव्हा दोंडाईच्याच्या निंबा मिस्तरीनं
सबमर्सिबलच्या स्टार्टरचं हिरवं बटण बसवून दिलं.
म्हणाला, आता हे विहिरीतलं पाणी ओढील,
तू गाण्याचं काय घेऊन बसलीस.
चाळीस रुपये. वर चहा त्याचाच.

सारंगखेड्याच्या यात्रेत पहिल्या रात्री
मी लॅपटॉप उघडला.
तापीकडून गारठा येत होता,
पडद्यावर दव, दवाखाली बत्तीस रंग.
रेवसिंगनं पावरी फुंकली.
त्याचा सूर जरा उशिरा येतो आणि उशिराच निघतो,
पाड्यावरून आलेल्या पाहुण्यासारखा.
मशीननं तो उशीर उचलून ठोक्यावर नेऊन ठेवला.
मी फळीवर बोटांनी टापा धरल्या,
त्याही सरळ झाल्या.
काही अडकलं नाही. खरंच सांगते, काहीसुद्धा बिघडलं नाही.
पुढं बसलेला एक घोडेवाला,
पांढऱ्या मिशा, मांडीवर लगाम,
उठता उठता म्हणाला,
'चाल बराबर शे माय, पन घोडं कोठे शे?'

दुसऱ्या रात्री पेडल.
पहिल्यांदा पाय पडेल तिथं सुरुवात,
दुसऱ्यांदा पडेल तिथं शेवट,
मधलं जे असेल ते पदरात.
मी पाय ठेवला, रेवसिंगनं दम भरला,
आणि नेमका त्या दमात यात्रेचा भोंगा बोलला:
निळी कानटोपी, हातात पिपाणी, नाव भाईदास, गाव—
माझा पाय पडला.

झालं. तळाचा थरच तो.
वरचे थर सोलता येतात.
तळ काढायचा तर सगळंच काढावं लागतं,
आणि रेवसिंग डोळे मिटून केव्हाच आत शिरला होता.

निळी कानटोपी, हातात पिपाणी, नाव भाईदास, गाव—
त्यावर पावरी.
निळी कानटोपी, हातात पिपाणी, नाव भाईदास, गाव—
त्यावर माझा आवाज, गावाच्या जागी
एक लांब आ,
जो कुठल्याच तालुक्यात नाही.
बत्तीस पट्ट्यांत हे एका बोटानं गप्प झालं असतं.
कुणाला कळलंही नसतं.

सातव्या की आठव्या फेरीला
गर्दीतून एक बाप पुढं आला, खांद्यावर पोर.
निळी टोपी. पिपाणी कुठंतरी पडली असावी,
हातात अर्धी जिलबी.
सापडला होता तो, केव्हाच.
भोंगा दुसऱ्याच कुणाच्या पाकिटाबद्दल बोलत होता.
आमच्यात मात्र तो हरवतच होता
दर अकरा सेकंदांनी.

आणि दर वेळी नाव आलं की
तो हात वर करायचा.
हजर.
पुन्हा हजर.
लोक हसले, मग हसायचे थांबले,
मग त्याच्याबरोबर हात वर करायला लागले,
घोडेवालासुद्धा, लगामासकट.
घोडं आलं की नाही, ते काही त्यानं सांगितलं नाही.

संपवायचं कसं ते मला कळेना.
बापाची मान अवघडलेली दिसत होती,
रेवसिंगचे गाल दुखायला आलेले.
शेवटी पोरगंच पेंगलं.
नाव आलं, हात आला नाही.
तेव्हा हिरवं बटण दाबलं.

देवपूरच्या खोलीत, आठवड्यानं,
ती रात्र मी लॅपटॉपवर परत रचून बघितली.
भोंग्याची खरखर जमली, थंडीसुद्धा जमली,
रेवसिंगचा उशीर मोजून त्याच्या जागी ठेवला.
काही कमी नव्हतं.
फक्त दर फेरीला, नाव आलं की,
हात वर करायचं काम
माझ्याकडं आलं.