दहापट

पात्याचं टोक सरळ आभाळाकडे असताना
जी उंची भरेल, तिच्या दहापट.
एवढंच होतं कलमात.
वॉर्साहून आलेला कागद मी तीनदा वाचला,
नकाशावर कंपास रोवला
आणि गावातल्या तीन पवनचक्क्यांभोवती
तीन वर्तुळं काढली.

उंची दीडशे मीटर. म्हणजे त्रिज्या दीड किलोमीटर.
वर्तुळं एकमेकांत घुसली.
चर्च आत गेलं, अग्निशमन दलाची शेड गेली,
तळ्याकडचा बटाट्याचा सगळा उतार गेला,
आणि एकशे बारा घरं,
जी आधीपासून होती म्हणून राहिली.

सभेत सरपंच म्हणाले, आता नवी चक्की येणे नाही.
टाळ्या पडल्या.
मागच्या भिंतीशी तिघं-चौघं
हात खिशात घालून उभे होते.
त्यांच्या जमिनींचे करार झाले होते,
एकानं तर त्या भरवशावर छप्परही बदललं होतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा पोरगा आला,
वारा मोजायचा खांब उतरवून
गाडीवर आडवा बांधून घेऊन गेला.
दोन वर्षांचा वारा आकड्यांत लिहिलेला होता त्याच्याकडे.
त्याचं काय करणार, मी विचारलं.
तो म्हणाला, फाइल करणार.

अंतर दोन्हीकडून सारखंच भरतं
हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.
मी मोजणीदार. माझ्याही नाही.

मग बोगुमिवा फोर्मेला आली
चौकटीच्या कागदावर घर घेऊन.
खाली दोन खोल्या, वर पोटमाळा,
स्वयंपाकघर पूर्वेला.
बापाच्याच शेतात, बापाच्या घराशेजारी.
मी म्हटलं, होणार नाही.
घराजवळ चक्की नको, तसं चक्कीजवळ घर नको.
ती म्हणाली, पण मला तिचा त्रास कुठंय?
शाळेत होते तेव्हापासून तिच्या आवाजात झोपते.
तक्रार नाही असं लिहून देते, सही करते.
मी अर्ज उलटून पाहिला, पुढून, मागून.
तक्रार नसलेल्यांसाठी रकाना नव्हता.

सात वर्षं ती माहेरच्या माळ्यावर राहिली,
नवरा, दोन मुलं, आणि ती चौकटीची घडी.

मग कायदा बदलला.
दहापट गेलं, सातशे मीटर आले.
मार्चच्या धुक्यात मी तिपाई उभी केली,
तिनं स्वतः खुंटी धरली.
सहाशे चौऱ्याऐंशी.
पुन्हा मोजा, म्हणाली. मोजलं.
माझं यंत्र खोटं बोलत नाही,
त्या दिवशी बोललं असतं तर मी कानाडोळा केला असता.

सोळा मीटर मागे सरक, मी म्हटलं.
मागे बीचचं जंगल.
आणि जंगलालाही आपलं अंतर असतं, बारा मीटर,
वेगळ्या कायद्यात, वेगळ्या खात्याकडे.
दोन कायद्यांच्या मध्ये उरली
अकरा मीटरची पट्टी.

त्यात बसवलं तिनं घर.
नऊ मीटर रुंद, लांबलचक,
उलट्या ठेवलेल्या होडीसारखं.
स्वयंपाकघर पूर्वेचं उत्तरेला गेलं.

वास्तूच्या रविवारी बोलावलं होतं मला.
आलुबुखाऱ्याचा केक होता, गरम.
बाहेर वारा असा की दोरीवरची चादर
जमिनीला समांतर उभी.
आणि खिडकीतली मधली चक्की थांबलेली, पाती मिटून.
बिघडली का, मी विचारलं.
नाही, तिचा नवरा हुबेर्ट म्हणाला,
वारा जास्त झाला की वीज जास्त होते,
ग्रीडवाले बंद करायला सांगतात. तोही नियमच.

बोगुमिवा केक कापत होती.
तिनं सुरी थांबवली.
उद्या चक्क्या काढल्या,
तर तुम्ही ती वर्तुळंही काढाल ना?

काढणं म्हणजे नक्की काय, मला क्षणभर कळेना.
मीच तर काढली होती.

सोमवारी कार्यालयात जुना नकाशा उलगडला.
दहापटीची वर्तुळं मी केव्हाच खोडलेली.
खिडकीशी धरला तेव्हा दिसली
कंपासच्या टोकाची तीन भोकं,
आणि त्यांतून येणारा, मोजता येणार नाही इतका,
उजेड.