कापसात काहीतरी

चौकट दिवसभर छताला टांगलेली असते,
चार दोरांवर, चार खिळ्यांवर.
तिच्याखाली आम्ही जेवतो, भांडतो,
हस्केलची दुपटी वाळत घालतो.
रात्री मुलं निजली की दोर सोडायचे.
गोधडी हळूहळू खाली उतरते
गुडघे टेकणाऱ्या जनावरासारखी,
आणि सबंध खोली तिचीच होते.
खुर्चीपाशी पोचायला मला
भिंतीला अंग घासत जावं लागतं.

निजली की, असं म्हणते खरी.
व्हर्लिन आणि ओपल सरपटत खाली शिरतात.
तो त्यांचा तंबू.
तिथून दिसतं माझ्या सुईचं टोक,
येतं आणि जातं.
ओपल टोकं मोजते.
तिला सतरापर्यंत येतं. मग पुन्हा एक.

थर्मन खाणीतून येतो तेव्हा पहाट असते.
त्याच्या विजारींचे गुडघे गेलेले,
मागची बाजू अजून धड. ती मी कापून घेते.
बाकी पिठाच्या पोत्यांचं कापड, फुलाफुलांचं.
एकाच छापाची दोन पोती मिळावीत म्हणून
मी त्याला दुकानातली सगळी थप्पी उलथायला लावली.
दुकानदार अजून माझ्याशी बोलत नाही.

नक्षीचं नाव, दारुड्याची वाट.
आमच्या केंटकीत ती मुलग्याच्या अंथरुणावर घालत नाहीत,
मोठा झाला की भटकतो म्हणे.
मला कुठं घालायचीय?
ही लेक्झिंग्टनच्या बाईची. अठरा डॉलर.
त्यात व्हर्लिनचे बूट,
आणि लुव्हेनियाचे उसने घेतलेले तीन.

एक वळण टाचलं की हस्केल उठतो.
एका हातानं पाजता येतं.
एका हातानं टाका घालता येत नाही, करून पाहिलंय.
या ओळीत इंचाला दहा टाके आहेत
आणि इथं एकदम सहा.
त्या रात्री ओपलला डांग्या खोकला होता.
बाईला ते कळणार नाही.

मंगळवारी सुई कशाला तरी अडली. टक.
कापसात काहीतरी.
सरकी असेल म्हटलं. बोटांनी चाचपलं.
सरकीला अशी कड नसते.

आणि मग आठवलं.
शनिवारी व्हर्लिननं घर डोक्यावर घेतलं होतं,
पडलेला दात हरवला म्हणून.
मी चुलीची राख चाळली,
कोंबड्यांवर आळ घेतला.
ओपल तेवढी गप्प होती.
मला कापूस पसरायला मदत करत होती
दोन्ही हातांनी, फार मन लावून.

"का गं?" सकाळी विचारलं.
"त्याला थंडी वाजत होती," म्हणाली.

काढायचा तर साडेचार ओळी उसवायच्या.
साडेचार ओळी म्हणजे दोन रात्री,
दोन रात्रींचं रॉकेल.
कात्री हातात घेतली होती, नाही म्हणत नाही.
मग त्याच्याभोवती एक बारीक गोल घातला,
नक्षीत नसलेला,
तो जागचा हलू नये म्हणून.

गुरुवारी बाई आली, मोटारीचं इंजिन चालूच ठेवून.
कापडावरून हात फिरवत गेली
पार त्या कोपऱ्यापर्यंत.
मी चुलीकडे बघत राहिले.
"हा गोल कसला?"
"आमच्याकडची रीत."
रीत म्हटल्यावर तिनं एक डॉलर जास्त दिला.
मी घेतला.

आता लेक्झिंग्टनमध्ये कुणाच्या तरी पायांशी
माझ्या मुलाचा दात झोपतो,
त्याच्या आधीच गाव सोडून गेलेला.
व्हर्लिन नवे बूट घालून धाडधाड चालतो,
जिभेनं सारखी ती फट चाचपतो.
त्याला अजून सांगितलेलं नाही.

चौकट रिकामी आहे, वर, छताला.
ओपल तिच्याखाली उताणी पडून
नसलेली टोकं मोजते
आणि सतरावर अडते.
अठरा, मी चुलीपासून ओरडते.
अठरा.