दीडपट

पाणी प्यायला उठली आणि भिंतीला जाऊन टेकली.
टेकली म्हणजे आदळलीच,
पण खारी चौदा वर्षांची, तिच्याबाबतीत आम्ही शब्द मवाळ वापरतो.
मग चार पाय चार दिशांना,
जशी फरशीच कुणी एका कोपऱ्यातून उचलून धरलीय.

सव्वातीन वाजले होते.
जयवंत म्हणाला, वय झालंय. सकाळी बघू.
सकाळी म्हणजे दहाला, सबनीस डॉक्टर शटर उघडतात तेव्हा,
आणि रविवार असला तर तेही नाही.
रविवारच होता.

वय झालंय, हे मलाही पटलं क्षणभर.
पटलं की झोपता येतं.
पण वय म्हणजे तिसऱ्या पायरीवर थांबणं,
कुकरच्या शिट्टीला कान न हलवणं,
सोफ्यावर उडी मारायच्या ऐवजी सोफ्याकडे नुसतं बघत राहणं.
वय असं एका पावलात होत नाही.
काल संध्याकाळी कॅनॉल रोडला
हिनेच एका बोक्याला पार शाळेच्या फाटकापर्यंत पोचवलं होतं.

टॉर्च लावला.
बुबुळं डावीकडे सरकत होती, झटक्यात परत,
पुन्हा डावीकडे,
एकच ओळ सारखी वाचावी आणि अर्थ लागू नये तशी.
हिरड्या बघितल्या. गुलाबी.
गुलाबी म्हणजे बरं की वाईट, ते मात्र आठवेना.
बिस्किट पुढे केलं.
तिने वास घेतला, तोंड नेलं,
आणि बिस्किटाच्या शेजारची हवा चावली.

तिथे ठरलं.
जयवंतने शर्ट घातला, बटणं खालीवर लावून.

नळ स्टॉपला एक रिक्षा झोपलेली.
कुत्रं नाही घेत, तो म्हणाला.
मग चादरीत डोकावला. दीडपट होईल.
सुट्ट्या दोन रुपयांवरून वाद घालणारा माझा नवरा
म्हणाला, होऊ दे.

म्हात्रे पुलावर वारा लागला,
खारीने नाक वर केलं, चुकीच्या बाजूला.

डॉक्टरीणबाई जेमतेम सत्ताविशीतली, वेणी अर्धी सुटलेली.
कानात दिवा घालून बघितलं.
एकेक पंजा उलटा करून टेबलावर ठेवला,
खारीने एकेक सरळ केला,
शेवटचा जरा विचार करून.
बहुधा आतल्या कानाचं, ती म्हणाली. बहुधा.
आठवडाभरात पुष्कळ सावरेल. मान कदाचित तिरकीच राहील.
उद्या दुपारपर्यंत फरक नाही पडला तर फोन करा, वाट बघू नका.

म्हणजे सकाळी आणलं असतं तरी चाललं असतं? जयवंतने विचारलं.
ती हात धूत होती.
हे आत्ता कळलं ना, म्हणाली.
घरी कसं कळणार होतं?

रिक्षावाला थांबला होता.
परतताना प्रत्येक गतिरोधकापाशी
जवळजवळ उभाच राहायचा. कुणी सांगितलं नव्हतं.
खारी माझ्या मांडीवर,
सगळा रस्ता चढाचा असल्यासारखी बघत.

पाच वाजून गेले होते.
परतीचं भाडं त्याने साधंच लावलं.