परत आणलेला घोडा

बस, त्सेलिसो. आधी ब्लँकेट झटक, बर्फ आत आणू नकोस.
पैसे त्या डब्यात आहेत, चहाच्या पुडीशेजारी,
तू मोजून दिले होतेस तसेच.
दोन नोटा कमी आहेत. मीठ आणलं, रॉकेल आणलं.
त्या फेडीन.

आता सांग, काय बिघडलं सेफाकोचं?
सेमोनकाँगच्या शर्यतीत पाचवा आला.
बरं. सहाच घोडे होते, हे तू सांगत नाहीस,
मला ठाऊक आहे.
पुलावर अडला. तेही सासऱ्यासमोर.
कुंपणावर प्लास्टिकची पिशवी फडफडली
आणि तू चिखलात.
बायकोची कोबी खाल्ली.
आणि तू हाक मारलीस की
मान वर करतो, बघतो, पुन्हा चरायला लागतो.

किती दिवस झाले नेऊन?
एकोणीस.
माझी सून या घरात आली तेव्हा
एकोणिसाव्या दिवशी माझ्याशी धड बोलतही नव्हती,
आणि तिच्या तोंडात लगाम नव्हता.

विकताना मी काय म्हणालो होतो?
पाय बळकट, दात सात वर्षांचे, चाल रवाळ,
वर बसून चहा प्यालास तरी थेंब सांडणार नाही.
पुलाचं मी काही बोललो नव्हतो.
आमच्याकडे नदी आहे, ती तो पोटापर्यंत भिजून ओलांडतो.
तुमचा पूल लोखंडी. पायाखाली वाजतो,
आणि फटींतून खालचं पाणी पळताना दिसतं.
भिणं हे त्याचं वतन आहे, बाबा,
आईकडून आलेलं.
ते मी तुला विकलेलं नाही, मला विकताही येत नाही.

तू त्याच्याकडे चाल माग.
ओझं माग, पण आधी त्याची पाठ बघून.
खरारा करताना उभं राहावं, खूर उचलून द्यावा,
तंग आवळताना चावू नये, हे मागच.
नाही दिलं तर शिव्या मला घाल,
शिकवण्यात मी कमी पडलो.
पण माया चंदीबरोबर तोबऱ्यात भरून मिळत नाही.
आणि सासऱ्यासमोरची अब्रू
तू त्याच्या चार पायांवर ठेवलीस,
त्याला विचारलं होतंस?

याची आई होती माझ्याकडे. तू पाहिली नसशील.
मालिनेओला कळा लागल्या त्या रात्री
खिंडीत गुडघाभर बर्फ,
दवाखाना अजून चार तास.
घोडी थांबली.
मी मारलं तिला. काठीनं,
काठी मोडल्यावर हातानं.
ती थरथरत उभी राहिली आणि हलली नाही.
पुढं जायला तिच्यात काही उरलंच नव्हतं,
हे मला कळायला उजाडावं लागलं.
मग ती बसली. घोडी अशी बसत नाही कधी.
मालिनेओ तिच्या पोटाला टेकून राहिली रात्रभर.
ऊब होती तिच्याकडे,
होती तेवढी दिली.

मूल गेलं.
मालिनेओ पुढं अकरा वर्षं होती.
घोडीनं दगा दिला, असं मी चारचौघांत सांगत फिरलो.
ती एकदाही तसं म्हणाली नाही.
सकाळी उठून आधी घोडीला पाणी दाखवायची,
मग मला चहा.

असो.
डबा उघडायचा तर उघड, मी अडवत नाही.
फक्त एक सांग. येताना बसून आलास, की पायी?
पायी.
का?
राग होता म्हणून. बरं.
आणि रस्ता कुठला, पुलावरूनच ना? दुसरा आहे कुठं.
ओढलास त्याला?

आठव नीट.

म्हणजे तू पुढं चालत होतास, मनात मला शिव्या देत,
दोर हातात सैल,
आणि मागं वळून बघितलंच नाहीस.

चहा घे, निवतोय.
त्या दोन नोटांचं राहू दे आता.
कोबीचे किती झाले, तेवढं सांग.