कमाल

पान चारशे बारा, तक्ता एकोणचाळीस.
पुसायला लागणारा वेळ:
किमान, रिकामं.
नेहमीचा, वीस मिलिसेकंद.
कमाल, एक आडवी रेघ.

कमालच आहे! पण फिनिशमध्ये हा श्लेष होत नाही,
तेल्लेर्वो नुसता नाकातून श्वास सोडते.

ओउलूबाहेर, स्कीच्या वाटेवरचा चौदावा दिवा
टेबलावर शहाण्यासारखा वागतो,
खांबावर चढला, उणे बावीस झालं
की स्वतःचं नाव विसरतो.

पुसणं म्हणजे इथे शून्य होणं नाही.
पुसलं की सगळीकडे एक, एक, एक,
पाऊल न पडलेल्या बर्फासारखं.
लिहिणं म्हणजे त्यातले काही विझवणं.
आणि पुसणारा प्रोग्रॅम त्याच फ्लॅशमध्ये राहत असेल
तर बसल्या फांदीवर कुऱ्हाड.
तसं लिहिलंय की,
सहाव्या तळटिपेच्या तळटिपेत,
मुंगीच्या अक्षरात.

‘राखीव बिट. इथे एकच लिहावा.’
का, ते नाही.
ज्याला माहीत होतं तो बहुधा आता
बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला असेल.

रात्री ती बोर्ड फ्रीझरमध्ये ठेवते
मटारच्या पिशवीशेजारी,
वायर दाराच्या फटीतून बाहेर.
वेइक्को आइस्क्रीम शोधत उठून येतो,
बघतो, विचारत नाही,
दार हळू लावतो.

एकसष्ट.
पुन्हा एकसष्ट.
मग त्रेसष्ट.

छापील रेघेवर ती पेन्सिलीने आकडा लिहिते,
तारीख, तापमान,
आणि समासात:
एकाच फ्रीझरवर विश्वास ठेवू नये.