डिंक

मेडिकलच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर,
मेणात बसवलेले मेंदू मी कापते.
पाच मायक्रॉनचा काप, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
कोमट पाण्यावर सोडला की आपणहून पसरतो,
जणू त्याला कुणी नाव घेऊन हाक मारली.

मे महिन्यात मेण मऊ पडतं, पातं घसरतं.
बर्फ आला नाही की मी डबा घेऊन
गेटसमोरच्या रसवाल्याकडे जाते.
कशाला पाहिजे, ते त्यानं
एकोणतीस वर्षांत विचारलं नाही.

कामाला लागले तेव्हा उमाठे सरांनी दाखवलं होतं:
ही झाडासारखी फांद्या फुटलेली आहेत ना,
त्या खऱ्या पेशी. त्या बोलतात.
मधे चांदण्यांसारखं जे सांडलंय,
तो डिंक. नुसता धरून ठेवतो.
वहीत मी लिहिलं, डिंक,
आणि हसले,
कारण पोटात सहावा महिना होता
आणि घरी आई इतवारीतून आणलेला डिंक निवडत बसली होती.

परवा केतकी मॅडम म्हणाल्या,
(वय माझ्या प्रणयएवढंच)
"डिंक नाही हो, वनमालाताई.
एकेक तारा लाख-लाख सांध्यांवर बोट ठेवून असतो.
कुठला राखायचा, कुठला खुडायचा,
सांडलेलं कुणी पुसायचं, कुणाला किती खाऊ घालायचं.
बोलत नाही. ऐकतो. सावकाश."

मग पोह्यावर तर्री ओतत त्यांनी मासोळीची गोष्ट सांगितली.
नखाएवढी पिल्लू, काचेसारखी, आतलं सगळं दिसणारी.
तिच्याखाली चित्र असं सरकवत ठेवलं
की किती का शेपूट मारो, ती जागच्या जागीच.
तिनं जोर लावला. आणखी लावला.
मग थांबली.

"दमली असन बिचारी," मी म्हटलं.
"नाही ना. दम होता.
तारे मोजत होते.
वाया गेलेला एकेक फटका आत साठवत होते.
भरलं, तसे म्हणाले, बस."

आणि ते तारेच गप्प केले तर?
तर थांबणं विसरली.
शेपूट मारतच राहिली,
कुठेच न जाता.

पोहे तसेच राहिले माझे.

सोळाशे मीटर. पाच मिनिटं दहा सेकंद.
चार वर्षं टाकळीच्या पोलीस लाईनचं मैदान,
अंधारात निघायचा, भिजवलेले चणे खिशात.
एकदा दोन गुणांनी गेलं,
एकदा भरतीच पुढे ढकलली,
एकदा धावताना पोटरी धरली,
एकदा काय झालं ते त्यानं सांगितलंच नाही.
मार्चमध्ये एका पहाटे गजर वाजला
आणि वाजत राहिला.

मी म्हटलं होतं, "काऊन बे, लोळूनच राहशीन का आता?
हाडात आळस मुरला तुह्या."
तो भिंतीकडे वळला.
पाठ दिसली फक्त. बनियनला भोक होतं.

काल दिवसभर काचेखाली बघत बसले.
कुणाचा मेंदू ते माहीत नसतं, नुसता नंबर.
नव्या रंगात तारे तपकिरी उमटतात,
हात पसरलेले, एकमेकांच्या हद्दी न ओलांडणारे.
या नंबरानंही कधीतरी
कशावर तरी पाणी सोडलं असेल.
त्यालाही कुणी आळशी म्हटलं असेल, घरचंच.

पहाटे चारला नळ आला.
कूलरची टाकी भरली, वाळ्याच्या जाळीला वास सुटला.
त्याच्या खोलीचं दार अर्धं उघडं.
हाक ओठांवर आली, ती गिळली.

मॅडमनी जाता जाता एवढंच सांगितलं होतं,
थोड्या वेळानं मासोळी पुन्हा पोहायला लागते.
किती वेळानं, ते मी विचारलं नाही.

बूट दारातच आहेत.
आतली माती मी झटकलेली नाही.