सामान इथे ठेवा

सोमवारी येऊ नका, बंद असतो.
पाटीवर लिहिलं आहे, तरी दर सोमवारी
कुणीतरी गेटशी उभं राहून पाटीच वाचून जातं,
जणू तेवढंच एक चित्र पाहायला आलं होतं.

स्टेशनवर ऑटोवाल्याला 'म्युझियम' म्हणाल
तर तो तुमच्या बुटांकडे पाहून भाडं सांगेल.
'अजबबंगला' म्हणा.
आणि जे ठरवायचं ते बसायच्या आधी.

पोटात काही टाकून या.
तर्रीपोहे खाल्ले असतील तर हात धुवा, नीट, साबणानं.
काचेवर पिवळी बोटं उठतात,
ती पुसायला चंद्रकला येते, तिची कंबर दुखते.

मे महिन्यात याल तर दार उघडायच्या वेळी दारात असा.
बारानंतर या गावात फक्त कूलर बोलतात.
तोंडाला बांधलेला दुपट्टा आत गेल्यावर सोडा,
दगडातल्या देवांना चेहरा दिसू द्या,
ते कुणाला सांगणार?

पिशव्या माझ्याकडे.
टोकन पितळेचं आहे, हरवू नका.
एकवीस वर्षं या खिडकीत बसून राहिली मी.
सुटकेसा, हेल्मेटं, लग्नाचे अहेर,
गाडीला चार तास आहेत म्हणून आलेल्यांच्या वळकट्या,
एकदा तर जिवंत कोंबडा, टोपलीत.
त्याला नऊ नंबर दिला होता.

आत काय आहे ते मला विचारू नका.
मला बाहेर येणाऱ्यांचे चेहरे माहीत.
जे सगळं पाहून येतात
ते पाणी कुठे मिळेल विचारतात.
जे एकाच ठिकाणी अडकले होते
ते पिशवी न घेताच पायरी उतरतात,
मग मी मागून ओरडते: ओ भाऊ, सामान!

म्हणून सांगून राहिली, एक निवडा. फार तर दोन.
बाकीच्यांना नुसता रामराम करत पुढे चला,
लग्नघरात नाही का चालत आपण
ओळखीचं माणूस सापडेपर्यंत.

फोटो काढायचा तर आधी विचारा.
भंडाऱ्याची एक बाई मोबाइलच माझ्याकडे ठेवून गेली,
म्हणे, वाजला तर सांगा, घरी नाही.
सहा वेळा वाजला. मी सहा वेळा सांगितलं.

लेकरू सोबत असेल तर त्याला पुढे सोडा.
ते आधी पेंढा भरलेल्या जनावरांकडे पळेल. पळू द्या.
चित्रं कुठे पळून नाही राहिली.

शेवटच्या दिवशी मी माझीच पर्स खिडकीत ठेवली.
नवीन पोरगा, रोशन मेश्राम, टोकन देताना हसला,
मॅडम, तुम्ही?
मी म्हटलं, रीतसर दे. नोंद कर.

आणि काय सांगू तुम्हाला,
तोफा पाहिल्या, नाणी पाहिली, शिलालेख पाहिले,
वाचता आले नाहीत तरी वाचल्यासारखे पाहिले,
चित्रांच्या दालनात तर चाललीच झपाझपा,
मागून कुणी हाकलून राहिलं जसं.
अर्ध्या तासात सगळं.
बाहेर येऊन रोशनला विचारलं,
पाणी कुठे मिळते रे?

तो काही बोलला नाही. माझीच बाटली
खिडकीतून पुढे सरकवली.

मंगळवारी पुन्हा गेली. तिकीट काढून.
कोणत्या चित्रापाशी बसली ते नाही सांगत,
समोरचा बाक उजवीकडून करकरतो, एवढंच.
डावीकडे बसा.
आणि निघताना घाई असली तरी
टोकन आठवणीनं परत करा.

माझं सत्तेचाळीस नंबरचं
अजून घरीच आहे.